राजस भैया ६४ किलो

राजस मोघे दर रविवारी सकाळी आपल्या वडिलांना उचलून घेऊन धान्याच्या काट्यावर उभा राहायचा. याला दोन वर्षं होत आली होती, त्यामुळे रायपूरच्या गुढियारी बाजारातल्या त्या गल्लीत आता कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पहिल्या महिन्यात हमाल पोती खाली ठेवून बघत उभे राहिले. दुसऱ्या महिन्यात एका बाईने नवस कोणत्या देवाचा म्हणून चौकशी केली. तिसऱ्या महिन्यापासून समोरचा चहावाला गाळणं झटकता झटकता फक्त "कितना?" एवढंच विचारू लागला आणि आकडा ऐकून मान हलवू लागला. ती मान बरं झालं म्हणत होती की वाईट झालं, हे राजसला कधी कळलं नाही. विचारायचं त्राणही नव्हतं.

वडील म्हणजे सुधाकर मोघे, वय सत्तावन्न. आजार हंटिंग्टनचा. हे नाव घरात येऊन सहा वर्षं झाली होती. आजार मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून घरचाच होता. राजसचे आजोबा पन्नाशीत झोकांड्या खात चालायचे, बोलताना त्यांची जीभ अडखळायची, हातातला पेला भलतीकडेच जायचा. त्यांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. तरी बुढापारा या त्यांच्या मोहल्ल्यातल्या चार शहाण्या माणसांनी त्यांना तलावाकाठच्या देवळात नेलं आणि दारू सोडल्याची शपथ घ्यायला लावली. आजोबांनी घेतली. कोण वाद घालणार? न घेतलेली दारू सोडूनही गुण येईना, तेव्हा लोक म्हणाले, लपून पितात. याच लौकिकासह ते गेले. पुढे सुधाकररावांची बोटं पेटी वाजवल्यासारखी आपोआप हलायला लागली, तेव्हा घराण्यात पहिल्यांदा रक्ताची तपासणी झाली आणि मोघ्यांच्या घरात दारू नसून एक जनुक आहे हे सिद्ध झालं. घराण्याची अब्रू वाचली. बाकी काही वाचलं नाही.

जनुकाचा नियम सोपा होता. आईवडिलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी. राजस एकुलता एक, वय सत्तावीस. त्यालाही तपासून घेता येत होतं: आधी समुपदेशन, मग फॉर्म, मग रक्त. त्याने समुपदेशनाच्या आधीच फॉर्म आणून ठेवला होता, म्हणजे उत्साह कमी नव्हता. तो फॉर्म दीड वर्षापासून फ्रिजवर मिक्सरच्या वॉरंटी कार्डाखाली होता. मधल्या काळात वॉरंटी संपली.

आता काट्याचं. या आजारात अंग सारखं हलतं आणि वजन सारखं उतरतं. डॉक्टरांना ते वजन आठवड्याच्या आठवड्याला हवं होतं. पण क्षणभर स्थिर उभा न राहणाऱ्या माणसाचं वजन करायचं कसं? घरच्या काट्यावर सुधाकरराव चढले की आकडा एकतीस ते त्र्याहत्तर असा फेऱ्या मारायचा आणि शेवटी काटा थकून बंद पडायचा. दवाखान्यातल्या काट्यानेही तेच केलं. शिवाय सुधाकररावांचा असल्या काट्यांवर विश्वास नव्हता. ते वजनमाप खात्यात इन्स्पेक्टर होते. शिक्का नसलेल्या काट्यावर त्यांनी कधी कांदे घेतले नव्हते, तर स्वतः कसे चढणार?

तेव्हा नत्थू साहू आठवला. नत्थूचं गुढियारीत तांदळाचं गोदाम. पंधरा वर्षांपूर्वी सुधाकररावांनी त्याच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक पकडलं होतं, तराजू जप्त केला होता आणि भर मे महिन्यात त्याला गल्लीत उभं करून दोन तास बाटांवर, म्हणजे तोलायच्या लोखंडी वजनांवर, व्याख्यान दिलं होतं. "बाट लोखंडाचा असला तरी झिजतो, नत्थू. दर दोन वर्षांनी तपासून घ्यायचा. आधी बाट तपास, मग माल तोल." घरी राजसनेही हे व्याख्यान पोळीभाजीबरोबर शेकडो वेळा ऐकलं होतं. नत्थूने एकदाच ऐकलं आणि तो सुधारला. त्या दिवसापासून तो सुधाकररावांना इतका मानू लागला, की आजाराचं कळल्यावर स्वतःहून बुढापाऱ्यात घरी आला.

"साहब को मेरे यहां लाओ," तो म्हणाला. "मेरे कांटे पे उन्हीं का ठप्पा है."

युक्तीही त्यानेच सांगितली. "बकरा जैसे तौलते हैं ना भैया. पहले खाली आदमी खड़ा होता है. फिर बकरा उठाके वही आदमी. जितना बढ़ा, उतना बकरा." राजसच्या आईने, म्हणजे मीनाक्षीबाईंनी, डोळे वटारले. "मतलब, साहब," नत्थूने दुरुस्ती केली.

पहिल्या रविवारी राजस एकटा काट्यावर उभा राहिला. चौसष्ट किलो भरला. नत्थूच्या गोदामात भिंतीवर तेलरंगाने एक ओळ लिहिलेली होती, 'खाली बारदाना ५८० ग्राम', म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, तोललेल्या मालातून वजा करायला. तिच्याखाली त्याने ब्रश घेऊन दुसरी ओळ लिहिली: 'राजस भैया ६४ किलो'. आपलं नाव कुठंतरी भिंतीवर लागावं असं राजसला लहानपणी वाटायचं. तेव्हा तपशील ठरवायचे राहून गेले होते.

त्यानंतर त्याला एकट्याला उभं राहायची गरज उरली नाही. बाबांना उचलून घट्ट मिठीत धरलं की त्यांची निम्मी हालचाल राजसच्या अंगात जिरायची, आकडा थोडा थाऱ्यावर यायचा, आणि नत्थू मधला आकडा ओरडायचा. आई त्यातून चौसष्ट वजा करून उरलेले बाबा वहीत लिहायची.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी नत्थू ओरडला, "एक सौ चार!"

"चाळीस," आई म्हणाली, आणि पेन तसंच धरून बसली. वहीत होळीला अठ्ठेचाळीस होते. गणपतीत चव्वेचाळीस. दिवाळीत बेचाळीस.

"खाऊन तर राहिले नं हे?" ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते स्पष्ट नव्हतं; समोर तांदळाची पोती होती. "दिवसातून आठ वेळा खाऊन राहिले. तूप खाऊन राहिले, केळं खाऊन राहिले. मग जाऊन कुठं राहिलं ते?"

"साहब का शरीर चालू गाड़ी है भाभीजी," नत्थू म्हणाला. "न्यूट्रल में भी तेल जलता है."

राजसने बाबांना खुर्चीत ठेवलं, तेव्हा बाबांनी त्याच्या छातीवर मूठ मारली. एकदा आजाराने मारली असेल, पण मग दुसऱ्यांदा मारली. गेल्या दोन-तीन महिन्यांत हे दर रविवारी व्हायचं. काट्यापाशी आले की बाबा चिडायचे, घशातून आवाज काढायचे, राजसला ढकलायचे. बोलणं जवळजवळ गेलं होतं. दिवसातून दोन-चार शब्द निघायचे, तेही आई ओळखायची तेव्हा. आजारात माणूस चिडका होतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे बाबांना स्वतःचा असा राग यायचाही असतो, हे घरात सगळे विसरले होते.

"चिडू नका नं बाबा," राजस म्हणाला. "मले हौस आहे का तुम्हाले उचलायची?"

बाबांनी तिसऱ्यांदा मारली.

डॉक्टर कौमुदी तेलीबांध्याला बसायच्या, तलाव दिसेल अशा चौथ्या मजल्यावर. मूळच्या अमरावतीच्या, वयाने राजसहून फार मोठ्या नव्हत्या, आणि वाईट बातमी देताना समोरच्याच्या ऐवजी टेबलावरच्या रोपट्याकडे बघायच्या. ते रोपटं फार खचलेलं दिसायचं.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या जागी असलेल्या डॉक्टरांनी काढलेला मेंदूचा फोटो त्यांनी एकदा राजसला नीट समजावला होता. मेंदूच्या मधोमध शेपटीच्या आकाराचा एक भाग असतो, हालचालींना लगाम घालणारा. बाबांचा तो भाग सुकला होता, आणि तो सुकला तशी शेजारची पाण्याची पोकळी पसरली होती. फोटोत ती काळी दिसायची. "भूक आणि वजन सांभाळणाऱ्या भागातही फरक पडतो," त्या म्हणाल्या होत्या. "आणि वजन टिकलं तर आजार जरा हळू चालतो, असं दिसतं. म्हणून मी वजनाच्या मागे असते." मग रोपट्याकडे बघत पुढचं वाक्य: "नुसत्या हलण्यामुळे वजन जातं असं नाही. काहींचं तर हातपाय हलायला लागायच्या आधीपासून उतरायला लागतं."

हे वाक्य त्या बाबांबद्दल बोलल्या होत्या. राजसने ते बाबांबद्दलच ऐकायचा पुष्कळ प्रयत्न केला होता.

या खेपेला त्यांनी वही बराच वेळ चाळली. "मला हे कोडंच वाटतंय. गिळणं अजून बरं आहे. खाणं भरपूर आहे. इतक्या वेगाने उतरायला नको." वही मिटली. "पण चाळीस म्हणजे चाळीस. या रविवारी पुन्हा वजन करा आणि मला फोन करा. चाळीस किंवा त्याखाली असेल, तर मंगळवारी दाखल करून पोटात नळी घालू. छोटंसं छिद्र. अन्न थेट आत."

"मग तोंडाने?" आईने विचारलं.

"सुरुवातीला नाही. पुढे बघू."

"आणि यांनी उपसून काढली तर? हात तर पाहून राहिल्या तुम्ही."

डॉक्टरांनी रोपट्याचं एक वाळलेलं पान तोडलं. "मग हातांना मऊ मोजे घालतो. बांधतो थोडे."

बाबांनी सगळं ऐकलं. ऐकणं शाबूत होतं, ही या आजाराची एक वाईट खोड. लिफ्टमध्ये त्यांचं डोकं हलत होतं. आडवं हलत होतं की उगाच, हे ठरवायला चार मजले पुरले नाहीत.

शिरा ही बाबांची उरलेली एकमेव चैन होती. चालणं गेलं, बोलणं गेलं, पेपर हातात धरला की फाटायचा. पण केळं घालून केलेला, तुपात निथळणारा शिरा आई चमच्याने भरवायची, तेव्हा त्यांचा चेहरा अर्धा मिनिट शांत व्हायचा. सबंध दिवसात तेवढाच. नळीतून शिरा जातो का, हे आईने लिफ्टवाल्याला दोनदा विचारून घेतलं. लिफ्टवाल्याने आपल्याला माहीत नसल्याचं सांगितलं.

त्या आठवड्यात आईने आठाचे दहा केले. पहाटे पाचला दूध-खजूर. सातला शिरा. नऊला तुपातला चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, कुस्करून. घरात तूप फक्त एका दिशेने वाहत होतं. राजस सकाळी सव्वाआठला ओट्यापाशी उभा राहून, बाबांच्या ताटलीत जे उरलं असेल ते खायचा. बहुधा काही उरायचं नाही, कारण बाबा खरोखरच सगळं खायचे. मग तो तेलीबांध्याहून बस पकडून नवा रायपूरला जायचा. तिथे एका कार्यालयात तो कंत्राटावर होता. लोकांनी ऑनलाइन केलेल्या अर्जातले फोटो तपासून 'चेहरा स्पष्ट नाही' म्हणून परत पाठवायचं त्याचं काम. रोज चारशे चेहरे. संध्याकाळी घरी येऊन बाबांना अंघोळ घालायची, कपडे बदलायचे, रात्रीतून तीनदा उठून त्यांना पलंगाच्या मधोमध सरकवायचं. झोप कितीची होते, असं आईने विचारलं की तो "पुष्कळ" म्हणायचा.

बुधवारी ऑफिसला निघताना पँट खाली आली. सगळी नव्हे, पण तिचा इरादा दिसला. राजसने पट्टा काढला, खिळा तापवला आणि चौथं भोक पाडलं. पहिली तीन पाडण्याचेही त्याच्याकडे खुलासे होते: कातडं सैल पडतं, पट्टा स्वस्तातला आहे, उन्हाळा आहे. चौथ्यासाठी खुलासा शोधायला वेळ नव्हता, बस चुकत होती.

भोक पाडताना हात किंचित हलला. गरम खिळा धरताना कोणाचाही हलतो. त्याने दोन्ही हात समोर धरून ट्यूबलाइटखाली बराच वेळ पाहिले. मग बस चुकली.

"काहून रे, गेला नाही तू?" आईने आतून विचारलं.

"जा रहा हूं ना," तो म्हणाला. चिडला की तो हिंदीत बोलायचा. आईला वाटायचं ऑफिसमुळे.

एक हिशेब त्याच्या मनात आपोआप जुळत यायचा आणि तो लगेच दुसरीकडे बघायचा. बाबा दहा वेळा खातात आणि उतरतात. आपल्याला पट्ट्याला भोकं पाडावी लागतात. काट्यावर दोघं असतात आणि उतरतात मात्र नेहमी बाबाच. हे नीट तपासायला एक मिनिट पुरलं असतं: एकट्याने काट्यावर चढायचं. होळीपासून तो ते मिनिट टाळत होता. बदल्यात बाबांच्या पोटाला भोक पडणार होतं. इतकं स्पष्ट त्याने स्वतःशी कधी म्हटलं नाही. तो दमलेला होता, आणि माणूस दमला की त्याला पुष्कळ गोष्टी न म्हणता येतात.

रविवारी ई-रिक्षातून तिघं गुढियारीला पोचले. रेल्वेच्या पुलाखाली बाबांचा पाय दोनदा बाहेर गेला, दोनदा राजसने आत घेतला. नत्थूने काटा पुसून ठेवला होता, प्लास्टिकच्या खुर्चीवर चादर घातली होती. नळीचं त्याला कळलं होतं. त्याने काट्याला उदबत्तीसुद्धा लावली होती.

"चला बाबा," राजस वाकला.

बाबांनी त्याला ढकललं. दोन्ही हातांनी, नेम धरून. या आजारात नेम धरणं म्हणजे चेष्टा नव्हे.

"अहो, असं काय करता? एक मिनिटाचं काम," आई म्हणाली. "काहून त्रास देऊन राहिले पोट्ट्याले?"

बाबा खुर्चीतून उठले. आपले आपण उठले, हे पाहायलाच सगळे थांबले. आधी एक खांदा उठला, मग गुडघा भलतीकडे गेला, मग सगळे एकदम. तीन पावलं नाचल्यासारखी टाकत ते भिंतीकडे गेले. नत्थू धावला, पण त्याच्या आधी भिंत आली. बाबांचा तळवा तेलरंगावर आपटला. 'राजस भैया ६४ किलो'. तळवा उडाला, पुन्हा आपटला. उडाला तो आजार होता. आपटत होते ते बाबा. चौसष्टवर. पुन्हा चौसष्टवर. एकदा चुकून बारदान्यावर पडला, तर त्यांनी जिद्दीने तो खाली आणून चौसष्टवर मारला.

"दौरा पड़ गया क्या?" चहावाला दारात आला.

नत्थूने बाबांना मागून कमरेला धरलं होतं आणि तो भिंतीवरच्या आकड्याकडे बघत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर पंधरा वर्षांपूर्वीचं मे महिन्यातलं ऊन आलं.

"भैया," तो हलक्या आवाजात म्हणाला, "चप्पल उतारो."

"का?"

"दो साल हो गए. साहब बाट की जांच मांग रहे हैं."

गोदामात कोणी हललं नाही. म्हणजे बाबा हलत होते, पण तेही आता घशातून आवाज काढत नव्हते.

"रहने दो ना नत्थू भैया," राजस म्हणाला. "उगाच उशीर होऊन राहिला."

"उभा राहा नं बे," आई म्हणाली. "तुह्यं काय जाते? ह्यांच्या मनासारखं होऊ दे."

राजसने चप्पल काढली. पट्टा काढावा का असं क्षणभर त्याच्या मनात आलं, पण मग पँटचं सांगता येत नव्हतं. तो काट्यावर चढला. एकटा चढला की काटा किती स्थिर असतो, हे तो विसरला होता. आकडा ढिम्म हलला नाही, शंका घ्यायला जागाच ठेवली नाही.

"सत्तावन," नत्थू म्हणाला. ओरडला नाही.

"कितना?" चहावाल्याने विचारलं. त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

मग राजस उतरला, बाबांजवळ गेला आणि त्यांना उचललं. या वेळी बाबांनी ढकललं नाही. मिठीत ते नेहमीसारखे थरथरत होते, त्यांची हनुवटी त्याच्या खांद्यावर ठोके देत होती. एक सौ चार. गेल्या रविवारचाच आकडा.

आईने पेनाने वजाबाकी केली, मग बोटांवर केली, मग पुन्हा पेनाने. "सत्तेचाळीस," ती म्हणाली. "अहो, सत्तेचाळीस! होळीपासून एकच किलो गेला! नत्थू, सत्तेचाळीस आहेत हे!" तिने वही हवेत उंचावली. "लागतं अंगी. माह्या हातचं लागतं. नाही घालत जा आम्ही नळी!"

नत्थूने टाळी वाजवली आणि अर्ध्यावर थांबवली. आई हसत हसत राजसकडे वळली. राजस बाबांना खुर्चीत बसवत होता, पाठमोरा. शर्टाच्या आत त्याची पाठ तिला दिसली, खांद्याची हाडं दिसली. कदाचित पहिल्यांदाच दिसली. दोन वर्षं ती दुसऱ्याच अंगाकडे बघत होती. वही खाली आली.

"मग ते सात..." ती म्हणाली.

"चल घरी," राजस म्हणाला. "शिऱ्याची वेळ झाली त्यांची."

रिक्षात बाबांचा हात राजसच्या मांडीवर येऊन पडायचा, उडायचा, पुन्हा येऊन पडायचा. राजसला वाटलं, काय काय त्यांच्या नावावर घातलं आपण. आपलं वजन घातलं. तेवढ्यासाठी त्यांचे हात बांधायला निघालो होतो.

घरी पोचल्यावर डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं, दोनदा विचारून घेतलं. "मग नळी नको. मंगळवार रद्द." मग आवाज उतरवून विचारलं, "राजस, आणि ते सात किलो?"

"माझे."

"कधीपासून माहीत होतं?"

"बाबांना की मला?"

"हे बघा, सत्तावीस वर्षांच्या माणसाचं वजन उतरायला शंभर कारणं असतात. साखर, थायरॉइड, नीट न जेवणं, न झोपणं. तुम्ही यातलं काय करता?"

"शेवटची दोन मन लावून करतो."

"मग आधी तीच बघू. ती दुसरी तपासणी तुम्हाला हवी तेव्हा, हवी असेल तरच. कोणी भाग पाडू शकत नाही."

"शंभरातलं एक कारण तेही आहे नं मॅडम?"

त्या आता रोपट्याकडे बघत होत्या का, हे फोनवर राजसला दिसत नव्हतं. "शंभरातलं एक तेही आहे," त्या म्हणाल्या.

आईने त्या दिवशी शिऱ्याच्या दोन वाट्या केल्या. दुसरी राजसच्या समोर आपटून ठेवली आणि बाबांना भरवायला बसली. राजस पहिल्यांदाच खाली बसून खायला लागला. शिरा भयानक गोड होता. बाबा दोन वर्षं हे दिवसातून दोनदा खातात, याबद्दल त्याला नव्याने आदर वाटला. तेवढ्यात बाबांनी आईच्या हातातला चमचा पकडला. ओढाओढीत तो भरला, हवेत गेला, आणि राजसच्या दिशेने निघाला. वाटेत अर्धा शिरा आईच्या पदरावर गेला, थोडा राजसच्या कानावर. उरलेला त्याच्या तोंडात गेला.

"पुरे बाबा," राजस तोंड भरलेलं असताना म्हणाला. "कानालेही मिळाला."

बाबांच्या घशातून आवाज निघाला. आई म्हणाली, हसले. तिला कळतं म्हणून राजसने मानलं.

पुढच्या रविवारी गोदामात भिंतीवरची ओळ बदललेली होती. चौसष्ट थिनरने पुसले होते, रंगाचा एक पांढुरका डाग उरला होता, आणि नत्थूने नवं लिहिलं होतं: 'राजस भैया हर इतवार ताज़ा'. 'खाली बारदाना' मात्र ५८० वर कायम होता. त्याच्यावर कोणाचा संशय नव्हता.

राजस चप्पल काढून काट्याकडे निघाला, तोच खुर्चीतून बाबांचा आवाज आला. हात हवेत फिरत होता, पण राजसच्या शर्टाच्या खिशाच्या आसपास. इन्स्पेक्टरांना खिसे रिकामे हवे होते.

"अर्धा-पाव किलोसाठी काय बाबा," तो म्हणाला. तरी खिसे रिकामे केले. मोबाइल, किल्ल्या, बसचा पास, आणि चार घड्या घातलेला एक कागद. सगळं तांदळाच्या पोत्यावर ठेवलं. कागदावर मिक्सरच्या वॉरंटी कार्डाचा चौकोनी डाग होता, आणि वर कोपऱ्यात पेनाने समुपदेशनाचा वार लिहिला होता, गुरुवार, अकरा वाजता.

पंख्याने कागदाची एक घडी उघडली. आईने वाचलं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिने फक्त वही उचलली आणि कागद उडू नये म्हणून त्याच्यावर ठेवली. मग तिला लिहायला वही हवी होती, म्हणून तिने वही काढून घेतली आणि कागदावर आपला हात ठेवला.

राजस काट्यावर चढला.

"सत्तावन पांच सौ!" नत्थू ओरडला.

"कितना?" चहावाल्याने विचारलं, आणि या वेळी राजसने स्वतः सांगितलं. चहावाल्याने मान हलवली.

राजसने बाबांकडे पाहिलं. ते आकड्याकडे बघत होते, कपाळाला आठी घालून, पंधरा वर्षांपूर्वी गल्लीत बघायचे तसे. त्यांचा उजवा हात वर आला, हवेत एकदा आडवा गेला आणि खाली शिक्का मारावा तसा मांडीवर आपटला. हा आजार होता की पास केलं होतं, ते सांगता येत नव्हतं. राजसने पास केलं असं धरलं, काट्यावरून उतरला, आणि बाबांना उचलायला वाकला.